निवृत्तीनंतर वंशावळ शोधायची आहे? सातारा-सांगलीकरांनी कुठून सुरुवात करावी

नोकरीतून मोकळं झाल्यावर गावाकडे जाणं वाढतं, भावकीतल्या लग्नकार्यांना निवांत थांबता येतं आणि कधीतरी नातवंड विचारतं, "तुमच्या आजोबांच्या आजोबांचं नाव काय?" आजोबा, पणजोबा इथपर्यंत आपण सहज जातो. त्याच्या मागे बहुतेकांचं अडतं. मग वंशावळ शोधायचं मनात येतं आणि माणूस थेट तहसील कार्यालय गाठतो.

माझी नोकरी महसूल खात्यात झाली आणि त्यातली बरीच वर्षं अभिलेख कक्षात गेली. जुन्या नोंदी शोधायला आलेली पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. नवख्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं की कागदाची घाई करू नका, आधी माणसांकडे जा. फेरफाराचं, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांचं, रजिस्टर पुढच्या वर्षीही कपाटात सापडेल. नव्वदीला आलेल्या आत्याचं तसं नसतं. शिवाय घरच्या माणसांकडून मिळालेली नावं, टोपणनावं आणि गावं हाताशी नसतील तर रजिस्टर समोर येऊनही त्यातला आपला माणूस ओळखता येत नाही.

वही आणि वडीलधारी माणसं

एक जाड वही घ्या आणि प्रत्येक माणसाला स्वतंत्र पान द्या. त्यावर नाव, घरात हाक मारायचे ते नाव, वडील, आई, आईचं माहेर, जन्म, मृत्यू, कुठे राहिले, काय काम केलं, हे लिहा. पानाच्या तळाशी एक ओळ न चुकता हवी: हे कोणी सांगितलं किंवा कुठे पाहिलं, आणि कोणत्या तारखेला. ही ओळ सुरुवातीला निरर्थक वाटते. पण वर्षभराने दोन काका एकाच माणसाची दोन वेगळी नावं सांगतात, तेव्हा निवाडा तिच्याच आधारे होतो.

सुरुवात घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईपासून करा. पुरुषांना बहुधा स्वतःची शाखा आणि जमिनीचे हिस्से आठवतात. बायकांना कोण कुठे दिली, कोण कोणाची सून, कोणाचं मूल दगावलं, कोण दत्तक गेलं, हे सगळं आठवतं. जुन्या वळणाच्या आजीला नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव थेट विचारू नका, ती घेणार नाही. तिची नणंद किंवा जाऊ शेजारी बसलेली असेल तर काम सोपं होतं. "पणजोबांचं नाव काय होतं?" असा परीक्षेतला प्रश्न विचारण्यापेक्षा "तुमच्या लग्नात मामा कोण उभे राहिले?", "पहिलं बाळंतपण कुठे झालं?", "वाड्यात तेव्हा किती चुली होत्या?" असं विचारा. नावं बोलण्याच्या ओघात येतात. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त बसू नका, त्यांना दमायला होतं.

साल कोणालाच आठवत नाही, प्रसंग आठवतात. आपल्या भागात त्यासाठी पक्क्या खुणा आहेत. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. मोठा दुष्काळ १९७२ चा. गांधीवधानंतरची जाळपोळ १९४८ ची. नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा काळ १९४२ नंतरचा. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ १९१८ ची. "भूकंपात भिंत पडली तेव्हा हा पोटात होता" एवढं जरी कळलं तरी जन्मसाल हातात आलं.

याच टप्प्यावर घरातल्या वस्तू पाहून घ्या. माळ्यावरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर घातलेली नावं हा उत्तम पुरावा आहे. कोणी, कोणाला, कोणत्या लग्नात दिलं, हे त्यावर कोरलेलं असतं आणि बऱ्याचदा तारीखही असते. पणजीच्या माहेरचं आडनाव सगळ्या कागदांतून हरवलेलं असतं आणि एखाद्या घागरीच्या गळ्यावर मिळतं. लग्नपत्रिका, जुनी पत्रं, फोटोंच्या पाठीमागची अक्षरं, पोथीच्या कोऱ्या पानावर टिपलेल्या जन्मवेळा, जन्मपत्रिकांचे गुंडाळे, सगळ्याचे फोटो काढून ठेवा. पितृपक्षात महालयाला भटजींसमोर वाचायची नावांची यादी अनेक घरांत असते. तिच्यात बापाकडच्या आणि आईकडच्याही तीन-तीन पिढ्या मिळतात.

भावकी कुठवर पसरली आहे हे कळायला सुतकाचा फार उपयोग होतो. कोणत्या घरांचं दहा दिवसांचं सुतक धरता आणि कोणाचं तीन दिवसांचं, एवढं विचारलं की जवळची आणि लांबची पाती, म्हणजे शाखा, आपोआप वेगळी होतात. गावात थोरली पाती, धाकटी पाती, वरची आळी, अमक्याची तक्षीम (वाटा) असे शब्द वापरात असतील तर तेही तसेच लिहून घ्या. मूळ पुरुषाचे मुलगे किती, याचा पत्ता तिथेच असतो. कुलदैवतही विचारा. पालीचा खंडोबा, जोतिबा, औंधची यमाई, शिंगणापूरचा महादेव, म्हसवड-खरसुंडीचा सिद्धनाथ ही दैवतं आपल्याकडे अनेक घराण्यांत समाईक आहेत, त्यामुळे त्यावरून मूळ गाव ठरत नाही. पण गावातल्या बाकीच्यांपेक्षा तुमचं दैवत वेगळं असेल, तर तुमचं घराणं बाहेरून येऊन वसलं असण्याची शक्यता धरा आणि त्या दिशेने विचारपूस करा.

त्या साली गाव कोणाच्या अमलात होतं?

शोध सर्वांत जास्त भरकटतो तो इथे. आजचा जिल्हा-तालुका धरून जुना कागद मिळत नाही.

साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये ब्रिटिशांनी खालसा केलं आणि तो मुलूख मुंबई इलाख्याचा सातारा जिल्हा झाला. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे भाग त्याच जिल्ह्यात होते. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं. मिरजेची थोरली आणि धाकटी अशी दोन संस्थानं होती, धाकट्या मिरजेची राजधानी बुधगाव. जत वेगळं संस्थान. आटपाडी औंध संस्थानात. फलटणचं आपलं स्वतंत्र संस्थान होतं. स्वातंत्र्यानंतर ही संस्थानं विलीन झाली आणि १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निघाला. १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. मधल्या काळात आजचा सातारा हा 'उत्तर सातारा' होता. जुन्या दाखल्यावर 'जि. द. सातारा' दिसलं तर गाव आजच्या सांगलीतलं समजायचं.

म्हणून इस्लामपूरजवळच्या गावातला माणूस १९३० च्या नोंदी शोधत असेल, तर त्याला जिल्हा 'सातारा' धरावा लागेल आणि सांगलीत कागद नसला तर साताऱ्यात चौकशी करावी लागेल. आटपाडीच्या माणसाने संस्थानी दप्तर कुठे गेलं हे आधी विचारायचं. कडेगाव, पलूस हे तालुके तर अलीकडे झाले, त्यांच्या जुन्या नोंदी खानापूर आणि तासगावच्या नावाखाली शोधायच्या. वहीच्या पहिल्याच पानावर आपल्या गावाचा असा तक्ता करून ठेवा: कोणत्या वर्षी कोणता तालुका, कोणता जिल्हा किंवा संस्थान. धरणात उठलेल्या गावांच्या लोकांनी त्यात जुनं गाव आणि पुनर्वसनाचं गाव दोन्ही लिहावं. कोयनेच्या आणि चांदोलीच्या धरणग्रस्तांची घरं एका गावातून अनेक ठिकाणी विखुरली. भावकी शोधायची तर पुनर्वसनाच्या याद्या हा मोठा आधार आहे.

सातबाऱ्यावरून मागे मागे

शेती असलेल्या घराण्याला सगळ्यांत भरवशाची वाट जमिनीची. पण तिकडे वळण्याआधी एक काम करा. भावकीतल्या कर्त्या माणसांना स्वतः भेटून सांगा की मला फक्त नावं हवी आहेत, हिश्शाचा विषय नाही. निवृत्त माणूस अचानक जुने फेरफार काढायला लागला की गावात त्याचा एकच अर्थ घेतला जातो, आणि मग बोलणारी तोंडं मिटतात. काढलेल्या नकलांची एक प्रत त्यांनाही द्या. त्याने विश्वास बसतो.

आता कागद. आजचा सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) ऑनलाइन मिळतो, पण आपल्याला हवा तो जुना, हाताने लिहिलेला. त्यावर नावाजवळ वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार क्रमांक. आजच्या उताऱ्यावरून एक क्रमांक उचलायचा, तो फेरफार काढायचा, त्यात मागच्या मालकाचं नाव मिळतं. मग त्याचं नाव कोणत्या फेरफाराने लागलं ते पाहायचं. असं एक-एक पायरी मागे जात राहायचं. यातले वारस-फेरफार सोन्याचे. अमुक इसम अमुक तारखेस मयत, वारस मुलगे अमुक, विधवा अमुक, मुली अमुक, असं एका परिच्छेदात एक अख्खं कुटुंब उभं राहतं.

मागे जाताना गट नंबर एका ठिकाणी संपतो आणि सर्व्हे नंबर सुरू होतो. एकत्रीकरण योजनेत तुकडे जोडून गट केले गेले, त्यामुळे जुन्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला हे पाहावं लागतं. ही जुळवणी तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात मिळते. त्याच्याही मागचं कडईपत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदीचं जुनं पत्रक, मिळालं तर जरूर घ्या.

या नोंदींत काही संक्षेप कायम येतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता: नावाचा मालक तेव्हा लहान होता आणि त्याच्या वतीने आई किंवा चुलता व्यवहार पाहत होता. बापाचा मृत्यू लवकर झाला, हे त्यावरून कळतं. 'ए.कु.क.' किंवा 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता किंवा मॅनेजर. इथे अनेकांची फसगत होते. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव दिसतं म्हणून तो एकुलता होता असं धरू नका, धाकटे भाऊ त्याच्यामागे असतात.

बायकांची नावं कुठे मिळतील? जुन्या फेरफारात मुलींचा उल्लेख फारसा नसतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर तो येऊ लागला, पुष्कळदा 'इतर हक्क' या रकान्यात. त्याहून चांगला कागद म्हणजे हक्कसोडपत्र. बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडताना त्यांचं सासरचं नाव, वय आणि गाव लिहिलेलं असतं. या कागदाची कहाणी बहिणींच्या बाजूने अनेकदा दुःखाची असते, पण वंशावळीत त्यांना परत आणायला तोच कामी येतो. वाटणीपत्र, दत्तकपत्र, मृत्युपत्र, गहाणखत यांच्या नोंदणीकृत प्रती दुय्यम निबंधक कार्यालयात शोधता येतात. माझं मत स्पष्ट आहे: ज्या वंशावळीत मुली आणि सुनांची माहेरं नाहीत ती अर्धीच झाली आहे.

जमीन नसलेल्यांनी मागे हटायचं कारण नाही. महार, रामोशी, गुरव, सुतार, न्हावी अशा वतनी किंवा बलुतेदार घराण्यांसाठी वतनाची आणि इनामाची रजिस्टरं पाहा. वतन कोणाकडून कोणाकडे आलं हे ठरवण्यासाठी सरकारनेच वतनदारांच्या वंशावळी लिहून घेतल्या होत्या. कनिष्ठ गावकामगारांची वतनं १९५८ च्या कायद्याने संपली, त्या वेळच्या चौकशीचे कागदही उपयोगी पडतात.

कोतवाल बुक आणि शाळेचं रजिस्टर

गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण बारसं झालेलं नसायचं. बापाचं नाव, पुष्कळदा आजाचंही, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. मृत्यूच्या नोंदीत नाव, वय आणि कारण मिळतं: ताप, पटकी (कॉलरा), प्लेग. एकाच महिन्यात एकाच घरातली तीन-चार नावं मृत्यूच्या पानावर पाहिली की हात थांबतो. पण त्याच पानावरून हेही उमगतं की वाचलेलं पोर मामाच्या गावी का वाढलं आणि तुमची शाखा त्या गावात कशी गेली.

नक्कल मागताना अर्जात गावाचं नाव, नमुन्याचा प्रकार आणि वर्षांची मर्यादा लिहा. 'सर्व जुने रेकॉर्ड' असा अर्ज कोणीच पुरा करू शकत नाही. '१९२० ते १९३०, गाव नमुना १४, अमुक आडनाव' असा अर्ज पुढे सरकतो. आधी रजिस्टर पाहण्याची परवानगी मागा, हवं ते पान सापडल्यावर त्याचीच प्रमाणित नक्कल घ्या.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा राज्यभर शोध झाला आणि पुष्कळ जुनी पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. कुणबी दाखल्याशी तुमचा संबंध नसला तरी आपल्या गावाच्या फाइली उघडून पाहा, घरबसल्या मोठं काम होतं.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये बापाचं नाव आणि जन्मगाव मिळतं. जन्मतारीख मात्र जपून घ्या. १ जून दिसली की ती बहुधा गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी घातलेली असते.

मोडी, आणि सन ओळखणं

विसाव्या शतकाच्या आधीच्या नोंदी बहुतेक मोडीत आणि त्यानंतरच्याही पुष्कळशा. मोडी शिकण्याला घाबरू नका. राज्याचं पुराभिलेख संचालनालय आणि इतिहासाच्या संस्था मोडीचे वर्ग घेतात, आणि निवृत्त माणसं तिथे सगळ्यांत चिकाटीने बसतात. अक्षरं ओळखायला लवकर येतात, लिहिणाऱ्याच्या हाताची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून एकाच गावाची, एकाच कुलकर्ण्याने लिहिलेली पानं वाचत राहा. आपल्या घराण्याची नावं मोडीत स्वतः लिहून काढा, म्हणजे ती पानावर चटकन डोळ्यांत भरतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत धरू नये.

'राणू बिन सखू' किंवा 'राणू वलद सखू' म्हणजे सखूचा मुलगा राणू. 'गंगा कोम राणू' किंवा 'गंगा भ्रतार राणू' म्हणजे राणूची बायको गंगा. आडनाव अनेकदा नसतंच, किंवा पाटील, कुलकर्णी, देशमुख असा हुद्दा असतो. तुमच्या 'पाटील' घराण्याचं मूळ आडनाव वेगळं असू शकतं, आणि तेच दुसऱ्या गावच्या भावकीशी तुमचा दुवा जोडतं. नातवाला आजाचं नाव ठेवायची रीत असल्याने राणू-सखू-राणू-सखू अशी माळ लागते. दोन राणू एक समजू नका, तीन पिढ्यांची साखळी जुळल्याशिवाय जोड मारू नका.

कालगणना तीन-चार भेटतात. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. आपल्याकडच्या फसली सनात ५९०, जानेवारीनंतर ५९१. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत येतो, त्यात ५९९ किंवा ६००. 'इसन्ने सितैन मया व अलफ' म्हणजे दोन, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६२. इसवी सन १७६१-६२. हे वाचता आलं की पुण्याच्या पुराभिलेखागारातली पेशवे दप्तराची कागदपत्रं तुमच्यासाठी खुली होतात. पण तिथे जाण्याची घाई नको. गाव, वतन आणि दोन-तीन खात्रीची नावं हातात नसताना त्या रुमालांपुढे (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांपुढे) बसून काही मिळत नाही.

गावाबाहेरच्या वह्या

सांगली, कोल्हापूर आणि सीमाभागात हेळवी येतात. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घराण्यांच्या वंशावळी सांगणं हाच त्यांचा व्यवसाय. तुमच्या गावात ते येत असतील तर कधी येतात, कोणाकडे उतरतात हे विचारून ठेवा. त्यांची वही म्हणजे त्यांची उपजीविका आहे, तेव्हा योग्य मोबदला द्या आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. ते सांगतील ते जसंच्या तसं लिहा, पण कागदाशी ताडून पाहा. मूळ पुरुषाकडे जाताना राजघराण्याशी नातं सांगितलं जातं तिथे जास्त सावध राहा.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तुमच्या भागाचे उपाध्ये कोण ते तिथले लोक सांगतात. पणजोबा अस्थी घेऊन किंवा सिंहस्थात गेले असतील तर त्यांची नोंद मिळते, आणि सोबत आलेल्या भावांचीही. तुमचीही नोंद करून या, आणि त्यात बायको-मुलींची नावं घालायला सांगा.

सातारा हा फौजेचा जिल्हा. पहिल्या महायुद्धात किती माणसं गेली आणि किती मेली, हे सांगणारी दगडी पाटी अनेक गावांत आजही चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत आहे. त्यावर फक्त आकडे असतात. नावांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं संकेतस्थळ पाहा. तिथे आडनावाने शोधू नका. अधिक माहितीच्या रकान्यात 'सातारा' हे इंग्रजी स्पेलिंग घालून शोधा, कारण अनेक नोंदींत बापाचं नाव आणि गाव तिथे दिलेलं असतं. शिराळा-वाळव्याचे शिपाईही तुम्हाला साताऱ्याखालीच मिळतील.

मुसलमान घराण्यांनी काझींकडची निकाहाची रजिस्टरं, ख्रिस्ती घराण्यांनी चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची रजिस्टरं, लिंगायतांनी मठ आणि जंगमांकडची माहिती सोडू नये. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांचे कामाचे दाखले आणि मुंबईतल्या गावकऱ्यांच्या सामाईक खोलीच्या मंडळाच्या वर्गणी-वह्या घरोघरी अजून आहेत.

मांडणी, आणि भावकीसमोर ठेवणं

संगणक येत असेल तर ग्रँप्स नावाची वंशावळीची मोफत प्रणाली आहे. येत नसेल तर वही आणि मोठा कागद पुरेसा. तक्त्यावर खात्रीचं नातं सलग रेघेने आणि ऐकीव नातं तुटक रेघेने दाखवा. जिथे पुरावा नाही तिथे जागा मोकळी ठेवा. तक्ता सुंदर दिसावा म्हणून नाव बसवलं तर पुढच्या पिढ्या ते खरं धरून चालतील.

हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आधार कार्डांचे फोटो भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. दत्तक, दुसरं लग्न, सोडचिठ्ठी, घर सोडून गेलेला माणूस, हे सगळं तुमच्या वहीत खरं लिहा. छापून वाटण्याआधी मात्र त्या घरच्यांना विचारा.

पडताळणीसाठी गावची यात्रा उत्तम. मुंबई-पुण्याची भावकी त्याच दोन दिवसांत एकत्र सापडते. तक्त्याची मोठी प्रत देवळाच्या मंडपात लावा, खाली पेन्सिली ठेवा आणि माहेरवाशिणींना मुद्दाम बोलावून दाखवा. पेन्सिलीने दुरुस्ती करणाऱ्याचं नाव, फोन नंबर आणि तारीख लगेच वहीत उतरवून घ्या, म्हणजे तक्ता दुसऱ्यांदा छापण्याआधी त्यांना पुन्हा विचारता येईल.